नाक असलेला ट्रक

आमच्या घरच्या शोकेसमध्ये, वेलंकणी माऊलीच्या छोट्या मूर्तीशेजारी, एक फोटो आहे. फोटोत माझे आजोबा एका ट्रकच्या मडगार्डवर एक पाय ठेवून उभे आहेत. अंगात खाकी शर्ट, खांद्यावर टॉवेल. ट्रकला गोल डोळ्यांसारखे दोन दिवे, मध्ये उभ्या पट्ट्यांची जाळी, आणि पुढे आलेलं चांगलं ठसठशीत नाक. कपाळावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘आवे मारिया’.

गेल्या सत्रात आपल्या मंडळाने ‘जुनं आणि नवं’ असं छोटं प्रदर्शन भरवलं होतं. त्यात मी हा फोटो मोठा करून लावला. कॅमेरे, रेडिओ, पितळी स्टो, सगळं होतं तिथे. पण गर्दी झाली ती या ट्रकसमोर. कुणी म्हणालं ‘कसला भारी!’, कुणी म्हणालं ‘किती क्यूट!’. पहिल्या वर्षाच्या एका मुलाने मात्र प्रश्न विचारला, “दीदी, आताचे ट्रक असे का दिसत नाहीत?”

मला उत्तर देता आलं नाही. साहित्याच्या विद्यार्थिनीला ट्रकचं काय कळणार, असं म्हणून सुटता आलं असतं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग थोडं वाचलं, एका गॅरेजमधल्या मिस्त्रींना त्रास दिला, आणि आजोबांना तर रोजच. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

आपल्याला ते आवडतं का?

पहिलं कारण अगदी साधं आहे. जुन्या ट्रकला चेहरा होता. माणसाला कशातही चेहरा शोधायची सवयच आहे. ढगात, भिंतीच्या ओलीत, खिडकी-दारात. दोन गोल आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ एवढं पुरतं. २००८ साली ‘ह्यूमन नेचर’ या नियतकालिकात व्हिएन्नातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी लोकांना मोटारींचे समोरून दिसणारे चेहरे दाखवले आणि ही गाडी तुम्हाला कशी वाटते असं विचारलं. माणसाच्या चेहऱ्यात आपण वय, स्वभाव, रुबाब वाचतो, तसंच लोकांनी गाड्यांच्या चेहऱ्यातही वाचलं. मोठे दिवे असलेला चेहरा लहान मुलासारखा, तर रुंद आणि बारीक डोळ्यांचा चेहरा दांडगा वाटतो. आता आपल्या हमरस्त्यावर उभं राहून बघा. जुना ट्रक डोळे मोठे करून बघतोय असं वाटतं आणि नवा ट्रक डोळे बारीक करून. ‘क्यूट’ या शब्दाचा उगम मला वाटतं इथे आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जुना ट्रक वाचता येतो. नाक दिसतं, म्हणजे त्यात इंजिन आहे. जाळी दिसते, म्हणजे तिच्यामागे रेडिएटर. मडगार्ड चाकावरून वेगळं वळलेलं दिसतं, म्हणजे ते चिखल अडवायला आहे आणि ठोकलं गेलं तर तेवढंच काढून बदलता येईल. ही काही शोभेसाठी केलेली योजना नव्हती. त्या काळी मोठे सलग पत्रे एका दाबात काढणं अवघड आणि महाग होतं, म्हणून बॉनेट, मडगार्ड, जाळी असे तुकडे वेगवेगळे करून बोल्टने जोडायचे. पत्र्याला गोलाई दिली की तो सपाट पत्र्यापेक्षा ताठ राहतो, म्हणून गोलाई. दिवे गोल, कारण सात इंचाचा गोल दिवा ही एक ठरलेली वस्तू होती. अमेरिकेत १९४० पासून तर तोच गोल सीलबंद दिवा कायद्याने ठरवून दिला होता, आणि तिथे वेगळ्या आकारांना पूर्ण मोकळीक मिळायला १९८३ उजाडलं. ठरलेल्या मापाचा फायदा असा, की दिवा फुटला तर पुढच्या गावात दुसरा मिळतो. समोरची काचही दोन सपाट तुकड्यांची असायची. सपाट काच कुठलाही काचवाला कापून देतो.

म्हणजे ज्याला आपण ‘जुनी स्टाईल’ म्हणतो, त्यातलं निम्मं तरी त्या काळच्या कारखान्याची अडचण आहे आणि निम्मी रस्त्यावरच्या माणसाची सोय.

हा चेहरा आला कुठून?

भारतातल्या ट्रकचा चेहरा घडला तो परदेशी कंपन्यांशी झालेल्या करारांतून. टाटांची टेल्को ही कंपनी १९४५ साली स्थापन झाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. करार १९६९ मध्ये संपेपर्यंत त्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा होता. म्हणून आजोबांच्या पिढीतले ड्रायव्हर त्या गाडीला अजूनही ‘मर्सिडीज’च म्हणतात. आपल्याला मर्सिडीज म्हटलं की शेठची गाडी आठवते, त्यांना मात्र कांद्याची पोती आठवतात!

मद्रासला १९४८ साली अशोक मोटर्स निघाली होती. ती आधी ऑस्टिन मोटारी जोडायची. पुढे ब्रिटनच्या लेलँडशी हात मिळवून १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो नावाचे अमेरिकी वळणाचे ट्रक बाहेर पडत. वालचंद मूळचे सोलापूरचे, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला बरं वाटतं. हिंदुस्तान मोटर्स बेडफर्ड बनवायची. जर्मन, इंग्रज, अमेरिकन, असे तीन देशांचे चेहरे आपल्या रस्त्यावर एकत्र धावत होते.

पण एवढ्याने ट्रक पूर्ण होत नव्हता. कंपनीकडून यायची ती फक्त चासी. म्हणजे लोखंडी सांगाडा, इंजिन, चाकं आणि पुढचं तोंड. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती उघडी चासी शेकडो मैल चालवत आणायचा. मग सुतार लाकडाचा सांगाडा उभा करणार, पत्रेवाला त्यावर पत्रा ठोकणार, लोहार हौद्याचे फाळके आणि कड्या बसवणार, आणि शेवटी पेंटर येणार. तमिळनाडूतलं नामक्कल या कामासाठी आजही प्रसिद्ध आहे, पण लहानमोठे बॉडीवाले प्रत्येक जिल्ह्यात होते.

म्हणून एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन चासी दोन गावांत गेल्या की दोन वेगळे ट्रक व्हायच्या. एकावर मोर, एकावर वाघ. एकावर ‘जय मल्हार’, एकावर ‘ख्वाजा गरीब नवाज’, आमच्यावर ‘आवे मारिया’. मागच्या फाळक्यावर मात्र सगळ्यांचं एकच, ‘हॉर्न ओके प्लीज’. उगाच हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये त्या अक्षरांवर बंदी घातली. तरी निपाणीकडून येणाऱ्या गाड्यांवर ती मला अधूनमधून दिसतातच.

हे तिसरं कारण. जुन्या ट्रकवर माणसाचा हात दिसतो. पेंटरच्या कुंचल्याने जिथे वळण घेतलं तिथे रंग थोडा जाड बसलेला असतो. हस्तलिखित आणि छापील प्रत यांतला जो फरक आपण वर्गात शिकतो, तोच इथे आहे.

मग नाक गेलं कुठे?

याचं उत्तर मला गॅरेजमधल्या मिस्त्रींनी एका वाक्यात दिलं. “नाकात माल भरता येतो की काय, ताई?”

रस्त्यावर गाडी किती लांब असावी याला कायद्याची मर्यादा असते. त्या लांबीत नाकही मोजलं जातं. नाक चार फूट असेल तर हौदा चार फूट कमी. ट्रकमालकाच्या दृष्टीने तो चार फुटांचा रोजचा तोटा. म्हणून ड्रायव्हरला उचलून इंजिनाच्या वर बसवलं, नाक कापून टाकलं, आणि समोरून ट्रक सपाट भिंतीसारखा झाला. आपल्याकडे मधला मार्गही बराच काळ चालला. त्याला ‘सेमी-फॉरवर्ड’ म्हणत. त्यात इंजिनाचा अर्धा भाग नाकात आणि अर्धा केबिनमध्ये. टाटांचा ‘१२१० एसई’ हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. त्या आकड्यांचाही अर्थ आहे: पहिले दोन म्हणजे मालासकट एकूण वजन सुमारे १२ टन, पुढचे दोन दहापट केले की सुमारे १०० अश्वशक्ती. मला हे कळल्यापासून मी रस्त्यात दिसेल त्या ट्रकचा नंबर सोडवत बसते.

हे सगळं कायद्यावर किती अवलंबून आहे त्याचं चांगलं उदाहरण अमेरिका आणि युरोपचं आहे. युरोपात जोडट्रकची पूर्ण लांबी मोजतात, नेहमीच्या जोडट्रकला १६.५ मीटर. म्हणून तिथे सपाट तोंडाचे ट्रक. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने मोठ्या हमरस्त्यांवर एकूण लांबीची अट काढून टाकली आणि फक्त मागच्या ट्रेलरची लांबी मोजायची ठरवली. झालं! सपाट तोंडाचे ट्रक तिथून हळूहळू नाहीसे झाले आणि सिनेमात दिसतात ते लांब नाकाचे ट्रक सगळीकडे झाले. पुढे युरोपनेही २०१५ मध्ये नियम थोडा सैल केला, पुढचा भाग जरा लांब आणि गोलसर करायला परवानगी दिली, आणि २०२१ मध्ये डाफ कंपनीने तसे ट्रक बाजारात आणले. म्हणजे चित्रकाराने काढलेली वाटते ती रेघ पुष्कळदा वकिलाने काढलेली असते.

नव्या ट्रकच्या दिसण्यामागे आणखी दोन कारणं आहेत. एक हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. घाटातून तासाला वीस मैलांनी जाणाऱ्या ट्रकला हवेची फिकीर नव्हती. चौपदरी, सहापदरी रस्त्यावरच्या ट्रकला आहे. म्हणून कडा गुळगुळीत, केबिनवर पाठीमागे चढत जाणारी टोपी, आरसे निमुळते. दुसरं कारण धूर. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. त्यासाठी धूर गाळणारी, युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा बसवावी लागते, सगळीकडे सेन्सर लागतात. पूर्वी बॉनेट उचललं की इंजिन समोर दिसायचं. आता केबिन पुढे कलंडवली तरी अर्धी यंत्रणा डब्यांत बंद असते. आमचे मिस्त्री म्हणतात, “आधी गाडी कानाने कळायची. आता लॅपटॉप लावल्याशिवाय ती बोलतच नाही की.”

आजोबा काय म्हणाले

इथपर्यंत लिहून मी लेख आजोबांना वाचून दाखवला. जुना ट्रक कसा प्रामाणिक होता, कसा वाचता यायचा, वगैरे. मला वाटलं ते खूश होतील. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, “पोरी, तू सगळं बाहेरून लिहिलंस. आम्ही आत होतो.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. ते बेळगावहून गोव्याला भाजी न्यायचे. संध्याकाळी मार्केटमधून कोबी, मिरची, टोमॅटो भरायचे, रात्रभर लोंढा, अनमोड घाट, मोलेम करत पहाटे मडगाव किंवा म्हापशाला पोचायचे. इंजिनाचा अर्धा भाग केबिनमध्ये, त्यावर पत्र्याचं झाकण, झाकणावर गोणपाट. एप्रिल-मे महिन्यात त्यांच्या डाव्या पायाची नडगी भाजून निघायची. ते झाकण इतकं तापायचं की क्लीनर त्यावर डबा गरम करायचा. पॉवर स्टिअरिंग नाही. घाटातल्या वळणावर उठून, अंगाचं सगळं वजन टाकून चक्र फिरवावं लागायचं. गिअर टाकताना दर वेळी क्लच दोनदा दाबायचा. पावसात वायपर बंद पडला की क्लीनरने खिडकीतून बाहेर वाकून काच पुसायची. आणि ती लाकडाची सुंदर केबिन? “समोरून काही आदळलं तर ते लाकूड आपलीच पेटी,” असं ते म्हणाले आणि त्यांनी क्रूसाची खूण केली.

आजोबांचा उजवा खांदा आजही वर जात नाही. मिस्साला शांतीचा हात द्यायची वेळ आली की ते डावा हात पुढे करतात. लहानपणी मला वाटायचं ती त्यांची लकब आहे.

ते ऐकून मी जरा वेळ गप्प बसले. गोल दिवे, पुढे आलेलं नाक, हाताने रंगवलेला मोर यांचं मला जे वेड होतं, त्यात तो खांदा कुठेच नव्हता. आपण फोटोसमोर उभे राहून ‘क्यूट’ म्हणतो तेव्हा आपण नेहमी रस्त्याच्या कडेला असतो, स्टिअरिंगच्या मागे नसतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी असणं सरकारने सक्तीचं केलं आहे. ही बातमी मी आजोबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाले, “चांगलं झालं. झोप लागणार नाही पोरांना उकाड्याने.” उकाड्याने झोप उडत नाही, उलट थकून डोळा लागतो, हे त्यांच्याकडूनच मला कळलं. नवा ट्रक त्यांना कुरूप वाटतो का, असं विचारलं. ते म्हणाले, “दिसायला इस्त्रीच्या पेटीसारखा आहे. पण चालवायला मिळाला असता तर मी अजून दहा वर्षं चालवला असता.”

‘व्हिंटेज’ कोण ठरवतं?

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा मोटार असेल तर तिला वेगळी नोंदणी आणि नंबरात ‘व्हीए’ ही खास अक्षरं मिळतात. पण ती खाजगी मालकीची हवी, आणि तिने धंद्याचं काम करायचं नाही. म्हणजे ट्रक त्यात बसतच नाही. ज्या मोटारीने गॅरेजमध्ये विश्रांती घेतली ती व्हिंटेज होते. ज्या ट्रकने चाळीस वर्षं माल वाहिला तो भंगार होतो. माणसांच्या बाबतीतही थोडंफार असंच असतं, नाही का?

गोव्यात तर जुन्या ट्रककडे बघण्याची नजरच वेगळी आहे. २०१२ मध्ये आणि परत २०१८ मध्ये तिथल्या खाणी बंद पडल्या, आणि खनिज वाहणारे टिपर घराघरांसमोर उभे राहिले. त्यांच्या हौद्यात गवत उगवलं. अशा घरातल्या कुणाला जाऊन ‘जुना ट्रक किती छान दिसतो’ म्हणायची माझी छाती नाही.

तर त्या पहिल्या वर्षाच्या मुलाला माझं उत्तर असं. आताचे ट्रक तसे दिसत नाहीत, कारण कायदा बदलला, रस्ते बदलले, धुराचे नियम आले, आणि उशिरा का होईना, आत बसणाऱ्या माणसाचा विचार सुरू झाला. जुना ट्रक आवडण्यात काही चूक नाही. त्याचं रूप त्याच्या कामातून आलं होतं, दुरुस्ती करता येईल असं होतं, आणि त्यावर कुणाचा तरी हात फिरला होता. यातलं काही नव्या गाडीत परत आणता आलं तर जरूर आणावं. विशेषतः रस्त्यात बंद पडल्यावर साध्या माणसाला दुरुस्त करता येईल अशी रचना. पण गोल दिवे परत आणून काही साधणार नाही. ती नक्कल होईल.

आजोबांचा ट्रक २००३ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीच, भंगारात गेला. वजनावर पैसे मिळाले. भंगारवाल्याला लाकडाचं काम नव्हतं, म्हणून कपाळावरची पाटी आजोबांनी काढून घरी आणली. ती आमच्या मागच्या दारावर, आतल्या बाजूने ठोकलेली आहे. निळा रंग उडालाय. ‘आवे’ नीट वाचता येतं, ‘मारिया’तला शेवटचा ‘या’ पावसाने खाल्लाय.

प्रदर्शन परत भरलं तर मी या वेळी फोटोबरोबर ती पाटीही आणणार आहे. आणि आजोबांनाही. ज्यांना ट्रक क्यूट वाटतो त्यांनी त्यांच्याशी हात मिळवावा. डावा.